पहिला दात पडेपर्यंत

१७ नोव्हेंबर १९५७, हिंगणघाट
सुमीचा दात हलतो. खालचा, पुढचा. भाकरी खाताना तिलाच कळले. जिभेने ढकलून दाखवला. खूश होती. मी म्हटले, हात लावू नकोस. आवाज चढला असावा, कारण ती रडायला लागली. मग दोघी बोरे घेऊन ओट्यावर बसलो. मऊ मऊ निवडून तिला दिली.

१८ नोव्हेंबर
लिहून टाकते, म्हणजे वर्गात फळ्यासमोर आठवणार नाही.
नाचणगावात आमचा काडीमोड झाला तेव्हा सुमी मांडीवर होती, पीत होती. पंच निंबाखाली. दौलत समोर. भांडण एकच: त्याची गिरणी नाचणगावाशेजारी पुलगावला, माझी शाळा इथे. त्याची आई गाव सोडीना, मी नोकरी सोडीना. काडी ओली निघाली. दौ.ने वाकवली तर नुसती वाकली. लोक हसले. तोही हसला. मीसुद्धा. दुसरी आणली, ती मोडली.
मग पोर कोणाची. मी सुमीची जन्मतारीख सांगू लागले. पंचांतले झिंगरूबुवा म्हणाले, "तारीख तुह्या शाळेत सांगजो. आमाले तोंड पाह्यता येते. पोट्टीचा पयला दात पडेवरी मायजवळ. दात पडला का बापाची." सगळे हो म्हणाले. मीही. दूधपित्या पोरीचा दात पडायला पुष्कळ अवकाश वाटत होता.

२४ नोव्हेंबर, रविवार
दौ. आला. ऊस घेऊन. सुमी त्याच्या खांद्यावर बसून गल्लीभर फिरली, जिनिंगच्या कारखान्याकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्या मोजत, केसांत कापूस घेऊन आली. नंतर ओट्यावर ऊस सोलणे.
"काऊन वं एका बाजूनं चावतं?"
"दात हलते."
त्याच्या हातातले कांडे तसेच राहिले. मग आत येऊन विळी घेतली. (विळी कुठे असते ते अजून ठाऊक आहे.) बारीक गंडेऱ्या केल्या. "चावू नको. चोख नुसती." माझ्याकडे पाहिले नाही.
जाताना: "माय इचारत राह्यते."
"काय?"
"दात."

३० नोव्हेंबर
वकिलांकडे गेले. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंचे भाऊ. भला माणूस. नवा कायदा काढून वाचून दाखवला. अज्ञान मुलाचा पालक बाप. पाच वर्षांपर्यंत मूल बहुधा आईजवळ. सुमीला पाच कधीच झाली.
म्हणाले, "तुमच्या पंचांनी कायद्यापेक्षा जास्त दिलं की."
मी म्हटले, आम्ही पंच मानत नाही आता. गेल्या वर्षी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली.
"मग कोर्टातही जाऊ नका, बाई. दात धरून बसा." हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, न्यायाधीश मुलाचे हित आधी पाहतो, तुमची नोकरी जमेची, पण काय होईल सांगता येत नाही.
दीक्षेनंतर झिंगरूबुवांनी स्वतःच्या घरचे देव टोपलीत घालून नदीवर नेले, आणि पंचांची बैठक आजपासून बंद म्हणून सांगितले. मी टाळ्या वाजवल्या होत्या. आता त्याच बैठकीचा शब्द मला हवा आहे. तोही थोडे दिवस.

८ डिसेंबर, रविवार
दौ. आला. मी विचारलेच.
"तुमच्या पाटाचं ऐकते ते खरं का?"
"माय पाहून राह्यली. देवळीची हाय एक."
"कशी आहे?"
"मले काय मालूम? म्या पाह्यली नाई." मग हसत, "मास्तरीनबाईले काऊन एवढी चौकशी?"
"सुमीसाठी."
"हो. सुमीसाठीच."
चहा घेतला. कपबशी स्वतः विसळून ठेवली. नाचणगावच्या घरी हे कधी केले नव्हते.

१३ डिसेंबर
सुमी माझ्याशी बोलताना 'मला', बाप आला की 'मले'. मधे अडखळत नाही. आज निजताना विचारले, "आई, नाचणगावात शाळा आहे का?"
का ग?
"आजी म्हणते, आहे."
आहे, मी म्हटले. चांगली आहे.
दात जास्त हलतो. भाकरी दुधात कुसकरून देते. सुमी कंटाळली. म्हणते, मी काय म्हातारी आहे?

२५ डिसेंबर
शाळेला सुटी. सुमी बापाकडे गेली. सुटीत तिकडे, हे पहिल्यापासूनचे. स्टेशनवर दौ.ला म्हटले, तिला कडक काही देऊ नका.
"मायले सांगजो ते," म्हणाला. मग स्वतःच, "मी पाहीन."
संध्याकाळी सवयीने एक लहान भाकरी थापली. खायला कोणी नव्हते. मीच खाल्ली.

२९ डिसेंबर
वाचायला बसले. जमले नाही. तिचे फ्रॉक सगळे पुन्हा धुतले, स्वच्छ होते तरी.

१ जानेवारी १९५८
आली. दौ. दारातूनच परतला. "थकली हाय," एवढेच. ओट्यावरही बसला नाही.
सुमी बोलेना. मान हलवून हो, मान हलवून नाही. कपाळ पाहिले, ताप नाही. पोट दुखते? मान: नाही. आजी रागावली? मान: नाही. जेवताना तोंडापुढे हात.
"काय झालं बाळा?"
हाताआडून: "बाबा म्हणाले, आईसमोर हसू नको."
आणि हसली. तेवढ्यानेच तिला हसू आले. खाली मधोमध खिडकी.
शेतात ओल्या हरभऱ्याचा हुळा भाजला होता. घाटा चावला आणि दात हातात. रक्त थोडे. बाबांनी तिथल्याच माठातले पाणी दिले.
"दात कुठे?"
"बाबांच्या खिशात. आजीलेबी सांगू नको म्हणे."
आजीलाही नाही.
मी म्हटले, हस ग, पोटभर हस. ती हसत सुटली. मग मलाही आवरेना.

२ जानेवारी
शाळेत दिवसभर हेच. दात कोणी पाहिला नाही तर पडलाच नाही, असा त्याचा हिशेब. स्वतःच्या आईपासून लपवायचे, माझ्यापासून लपवायचे, आणि पोरीने मोठी होईपर्यंत तोंड मिटून बसायचे. शेजारचा दातही हलायला लागला आहे. त्याचे काय करणार होता?
गाढव आहे.
असे कोणासाठी इतक्या मायेने मी पूर्वी लिहिले नसेल.

५ जानेवारी, रविवार
दौ. आला. चारच दिवसांपूर्वी येऊन गेलेला. सुमी त्याच्यासमोर ओठ घट्ट मिटून उभी, डोळ्यांनी हसत.
"काय वं, मुकी झाली?"
तिने आ केला. तो माझ्याकडे पाहू लागला.
"पाह्यलं तू."
"पाहिलं."
"मायले सांगतलं नाई म्या."
"का?"
सुमी बाहेर पळाली तेव्हा बोलला. "सांगतलं तं ते पोट्टी मांगन. मांगितली तं मले न्या लागन. आन् नेली तं तू..." मग, "मी गिरणीत. माय पाहीन तिले, जीव लावन, त्याचं काई नाई. पन हे इथं दुकानाच्या पाट्या वाचून राह्यली."
मी म्हटले, नाचणगावातही वाचील.
का म्हटले कोण जाणे. खरे होते म्हणून. आणि तो इतका खरा बोलत होता म्हणून.
"तुले नेऊ द्याची हाय का?" त्याने विचारले.
नाही, म्हटले.
"मंग असं काऊन बोलतं!" जवळजवळ ओरडला. सुमी दारात येऊन पाहू लागली. मग त्याने तिला पाटीवर बैल काढून दिला. शिंगे चांगली जमतात त्याला.

१२ जानेवारी, रविवार
सकाळच्या गाडीने आत्याबाई, दौ.ची आई, आल्या. दौ. मागे, मान खाली. त्याचा सदरा धुताना त्यांना खिशात दात सापडला.
ओट्यावरच बसल्या. पाणी पुढे केले, घेतले नाही.
"माहा लेक दात लपवते! माह्यापासून! माहे सारे पडले, मले दात शिकवते!"
सुमी म्हणाली, "आजी, तुहे कुठी टाकले?"
"गप वं." पण तिला मांडीत ओढून घेतले.
मग माझ्याकडे: "कौसे, पंचाचा बोल हाय."
"आत्याबाई, पंच राहिले कुठे आता?"
"पंच गेले. बोल गेला का?"
मी पाणी पुन्हा पुढे सरकवले.
"वकिलाकडे गेलती म्हने तू. कायदा काय म्हनते?"
दौ.ने पहिल्यांदा मान वर केली. त्याला मी सांगितले नव्हते; आत्याबाईंना कुठून कळले कोण जाणे. गप्प राहता आले असते. त्यांना वाचता येत नाही, विचारायला ओळखीचे कोणी नाही. सुमी त्यांच्या पदराची गाठ सोडत बसली होती.
मी म्हटले, "कायदाही तुमच्याच बाजूचा आहे."
आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिले. मग हात पुढे करून पाणी मागितले. प्यायल्या. "मंग सांगतलं काऊन?"
"तुम्ही विचारलं."
"अशीच होती हे," त्या दौ.ला म्हणाल्या, मी तिथे नसल्यासारखे. "पयल्यापासून. नवीन होती तवा भाजी खारट झाली तं सोताच सांगे."
जेवायला बसल्या. वांग्याची भाजी केली होती. मीठ बरोबर आहे म्हणाल्या. दुपारी सुमीने त्यांना पुस्तकातला धडा वाचून दाखवला, जिथे येत नव्हते तिथे मनाचे घालून. त्यांना कळले. एकदा डोळे पुसले आणि धुराने म्हणाल्या. चूल कधीच विझली होती.

संध्याकाळी स्टेशनवर गेलो, चौघेही. सुमीचे कपडे मी पिशवीत घातले होते. कोणी सांगितले नव्हते. घालू नको असेही कोणी म्हटले नव्हते. फलाटावर ती आजीच्या मांडीवर झोपून गेली. पिशवी माझ्या हातात, दौ. आमच्या दोघींच्या मधे उभा.
वर्ध्याची गाडी दिसली तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "झोपीतली पोट्टी म्या नेत नाई. उठवा आन् इचारा तिले. ते म्हनन तसं."
"माय, एवढ्याशा पोरीले काय इचारतं?"
"मंग कोनाले इचारू? तुले? दात लपवनाऱ्याले?"
गाडी आली. दौ.ने माझ्याकडे पाहिले, मी त्याच्याकडे. त्याने खाली वाकून सुमीच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवला. हलवले नाही. मीही नाही. आत्याबाई गाडीकडे पाठ करून बसल्या होत्या. गार्डाने शिटी दिली.
घरी परत आलो. दौ.ने सुमीला खांद्यावर आणले. उद्याची त्याची गिरणीतली पाळी बुडणार. आत्याबाई आत तांदूळ निवडत आहेत, तुह्या घरी खडे लय, म्हणतात. सुमी अजून उठलेली नाही.
उठली की विचारायचे. कोणी, ते ठरलेले नाही.