दोन तांबे पाणी

मंगळवार, संध्याकाळ

तो तांब्या डोक्यातून जात नाही. आप्पांचं हृदय थकलंय, फुप्फुसात पाणी साचतं, म्हणून दवाखान्याऐवजी घरीच इंजेक्शनं चालू आहेत. पाणी पेल्यानं मोजूनच द्या, हे मीच बजावलेलं. काल फोनवर म्हटलं, "उद्या घरी येऊन सोनोग्राफी करते." सकाळी पोचले, तर त्यांच्या बायकोनं, काकूंनी, त्यांना दोन तांबे पाणी पाजून ठेवलेलं.

"सोनोग्राफी म्हणाला की तुमी. सूनबाईला तितं लई पाणी प्यायला लावलं हुतं."

मी चिडले. का चिडले? सोनोग्राफीला पाणी पिऊन या, हे त्यांना आम्ही डॉक्टरांनीच शिकवलं. छातीच्या तपासणीला ते लागत नाही, हे मी कुठं सांगितलं?

तपासणी संध्याकाळवर ढकलली, पण दिवसभर धास्ती होती. मघाशी पुन्हा गेले, हातात मावणारं सोनोग्राफीचं यंत्र छातीवर फिरवलं. परवा दवाखान्यात पडदा पाण्याच्या पांढऱ्या रेघांनी भरला होता. आज दोनच दिसल्या. दाखल करायला नको. आप्पा धाप न लागता आडवे पडून बोलत होते, आठवड्यात पहिल्यांदाच.

निघताना तांब्या कुठं दिसेना. विचारलं तर काकू म्हणाल्या, "शेजारच्यांकडं ठेवलाय. हितं दिसला की हे मागत्यात, आन् मला न्हाय म्हणवत न्हाय."