आईनं बटण दाबलं ती रीळ

नवेगाव बांध
४ जानेवारी २००६

सौ. अल्काताईस,

सविनय जयभीम. वि. वि., बुद्धभूषणदादाची रीळ अजून डब्यात बंदच आहे. तापानं जायच्या आधी तो सिनेमाचा कॅमेरा घेऊन आला होता ना, तेव्हाची. शेवटी आईच्या हाती कॅमेरा देऊन तो बांधावर चालला नि आईनं बटण दाबलं. त्याचं चालतं-फिरतं चित्र तेवढंच. नागपुरात आता कोणी धुवून देत नाही, म्हणून घरीच धुवीन म्हणतो. उजेड न शिरणारी टाकी लागते, गोंदियात विचारून पाहा.

आई डबा सोडत नाही. कायले धुता म्हणते, बंद आहे तोवर तो आत आहे. मला लई भेव वाटून राहिलं.

भाऊजींना जयभीम. त्यांची स्कूटर अजून ढकलूनच चालते का?

तुझ्या मायेतला,
संघदीप

गोंदिया
१९ जानेवारी २००६

चि. संघदीपास,

अनेक आशीर्वाद. स्कूटर मीच ढकलते, हसू नको.

सगळे स्टुडिओ फिरले. सगळीकडे कॉम्प्युटर, एक तर तोंडावर हसला. शेवटी टिकाराम फोटोवाल्यांनी माळ्यावरून टाकी काढली, पण ती फोटोच्या आखूड रिळाची, आपली मावत नाही. ते म्हणाले, सुताराकडून लाकडी पट्ट्यांचा ढोल करवा, फीत त्यावर गुंडाळा आणि औषधाच्या टपात फिरवा. सगळं मिट्ट अंधारात, लाल दिवासुद्धा नको. फितीवर फीत चढली की तिथलं चित्र गेलं. “एक ही बार होगा, बहनजी.”

औषध एसटीनं पाठवते. नको करू असंही वाटतं रे, पण ठेवूनही ती खराबच होऊन राहिली म्हणे.

आईला जप, आणि मला विसरू नको.

तुझी,
अल्काताई

नवेगाव बांध
६ फेब्रुवारी २००६

सौ. अल्काताईस,

सविनय जयभीम. कवडू सुतारानं ढोल केला. धानाच्या कोठीच्या फटी मातीनं लिंपल्या. अंधारात फीत हातातून सुटली. आई डबा घेऊनच आत येऊन बसली होती. तिनंच चाचपून टोक धरलं.

चित्र आलं, ताई. पण आईनं कॅमेरा सुपासारखा पोटाशी धरला होता. दादाचा चेहरा कुठंच नाही, नुसते पाय. तेही उलटे, काळ्याचे पांढरे. मी रडलो. आईला सांगू कसं, कळेना.

तिनं फीत खिडकीशी धरून लई वेळ पाहिली. मग म्हणाली, “त्याचेच पाय होत. घराकडंच येऊन राहिला.”

तेव्हापासून ती दाराला कडी लावू देत नाही. ताई, तू लवकर ये.

तुझी वाट पाहणारा,
संघदीप