मगरीच्या कट्ट्यावरचा नारळ

२ जून, सोमवार

जनावरांच्या बागेच्या कचेरीची लाईट कापली — बिल भरलं नाही म्हणून. तेव्हा बागेची मीटिंग आमच्या ओसरीवर! समितीचे पाच जण. अध्यक्ष माझाच झील, पोटचा बाबली. पाच माणसांना दहा कप चहा, नि वर विचारतात, "काकी, तोंडात टाकूक काय आसा गो?" आहे. माझ्या तोंडातून येईल ते घ्या.

पालिकेचं अनुदान थांबलं. तिकिटाला गिऱ्हाईक नाही. आहेत ते पैसे पावसाळाभर पुरवायचे. आधी काय, मागून काय, ते ठरवायला बसले. मला वाटलं, त्यात ठरवायचं काय? बिबटा, माकडं, हरणं, साळिंदर, मोर, एक मगर. सगळ्यांना तोंड आहे, त्यात काहीतरी घालायचं.

नाही! पहिली स्वागत कमान. दुसरी गावाच्या नावाची लाल अक्षरं — माणसाएवढी, पुढे उभं राहून लोकांनी फोटो काढायला. तिसरं कमानीचं उद्घाटन. मग खाद्य.

"आये, कमान बघून लोक येतले. लोक इले काय पैसे येतले. मगे जनावरांक खाऊक घालू."

म्हणजे गायीला सांगायचं, आधी दूध दे, मागून पेंढा बघू.

कमानीच्या टाइल्स नम्रताच्या भावाच्या दुकानातल्या. नम्रता माझी सून. आजचा चहा तिनं हसत हसत केला.

५ जून, गुरुवार

परत मीटिंग. खाद्य कोणाचं कापायचं? मी फणस सोलत ऐकत होते.

माकडांचं गेल्या वर्षी कापून झालंय. त्यांनी अशी बोंब मारली की बाजारपेठेपर्यंत ऐकू गेली. माकडं सुटली. बिबटा उपाशी राहिला की गुरगुरतो, मग शेजारच्या लॉजवरची गिऱ्हाइकं खोल्या सोडून जातात. लॉजवाला समितीत आहे. बिबट्याचं मटण कायम! मोर केकाटतो. हरणांकडे शाळेची पोरं येतात.

राहिली मगर. ती ओरडत नाही.

नम्रतानं मोबाईल बघून सांगितलं, "आई, मगर म्हणे महिनोन्महिने न खाता राहू शकते." समितीचे चेहरे असे उजळले, जणू मगरीनं स्वतःच अर्ज केला! त्यात मासेमारीची बंदी लागलेली, मासळी महाग. ठराव पास. मगर उपासाला.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा माणसं ढीगभर. जी सून गप्प बसायची तिच्या पानात सुरमईची शेपटी. मी पहिल्याच महिन्यात तोंड उघडलं, म्हणून आजवर मधला तुकडा खाते. पण मगरीला हे सांगणार कोण?

७ जून, शनिवार

परशुराम येऊन गेला. जनावरांना खायला घालायचं काम त्याचं. "काकी, माशाची डोकी आसत काय, मगरीक?" बंदीत कुठली डोकी! म्हटलं, "माझा एक आसा." तो खरोखर विचारात पडला.

१४ जून, शनिवार

बागेत जाऊन मगर बघून आले. पंप बंद. पाणी हिरवंगार, आतलं काही दिसत नाही. ती काठावर पडलेली. पोट पाठीला लागलंय. मी कट्ट्यावर काठी आपटली तर एक डोळा उघडला नि परत मिटला. तेवढंच.

मला काही तिचा लळा नाही. खादाड जात. आमचं एक वासरू अशाच एकीनं खाडीत ओढून नेलं होतं. पण बांधून ठेवलंत तर खायला घाला, नाहीतर सोडा. एवढं गोठ्यात कळतं. समितीत कळत नाही.

बाबलीला तसं सांगितलं. म्हणतो, "मगरीक बघूक कोण येता गो? ती हलना नाय. हलणाऱ्याक पैसे."

"तू तरी जेवल्यावर खंय हलतंस?" म्हटलं. मग ताट उचलून आत जाऊन जेवला.

२४ जून, मंगळवार

काय पाऊस हा! खाडीचं पाणी चढलं नि बागेत शिरलं. समिती धावली. काय वाचवलं? लाल अक्षरं! चार चार बाप्ये एकेक अक्षर डोक्यावर घेऊन छातीभर पाण्यातून चाललेले, बाबली पुढे — "सांभाळा, रंग निघात!" साळिंदराला परशुरामानं घमेल्यात घालून नेलं. हरणं आपली आपण देवळाच्या चढावर जाऊन उभी राहिली. त्यांना मीटिंग लागत नाही.

२५ जून, बुधवार. अमावास्या

पाणी उतरलं. सगळीकडे चिखल. उजाडता उजाडता मी एक काम केलं.

नारळ, जास्वंद, एक विडी नि पेल्यात घोटभर दारू — राखणदाराला, जागा राखणाऱ्या देवाला, ठेवतात तसं सगळं मगरीच्या कट्ट्यावर ठेवलं. हात जोडले. आत वाकूनसुद्धा बघितलं नाही, कंबर धरली होती.

आमच्याकडे बँकेच्या साहेबाला कोणी भीत नाही, पण जागेच्या राखणदाराला सगळे भितात. म्हटलं, आता बघू कोण उपाशी ठेवतो.

निवृत्त मास्तर सकाळचे फिरायला आलेले. थांबले. चपला काढल्या. हळूच विचारलं, "राखणदार काय ओ काकी?" मी आभाळाकडे बघितलं नि घरी आले. एक शब्द खोटं बोलले नाही. नारळ ठेवणं हे काही खोटं नाही.

२७ जून, शुक्रवार

आज कट्ट्यावर नारळांची रांग. नि एक कोंबडा — जिवंत, पाय बांधलेला! मगरीचं भागलं.

१० जुलै, गुरुवार

बागेत गर्दी मावत नाही. "पुरात गावात कोण बुडाक नाय, ता तेनीच राखल्यान!" असं म्हणतात. कोणाला पाण्यात डोळे दिसले, कोणाला शेपटी. एका बाईला तर मगरीनं मान हलवून हो म्हटलं! देव झाल्यापासून लोक मगरीला 'तो' म्हणतात. बाईमाणूस राखणदार कसा असेल!

परशुराम संध्याकाळी कोंबडे आत सोडतो, सकाळी पीससुद्धा नसतं म्हणे. माझा हिशेब — अर्धे मगरीला, अर्धे परशुरामाच्या बायकोच्या टोपात. असू दे. देवळात गुरवाचा वाटा असतोच.

१६ जुलै, बुधवार

मीटिंग. आता पहिल्या नंबरावर कोण? मगर!

मला क्षणभर बरं वाटलं. मग पुढचं ऐकलं. मगरीला नवा कट्टा. कट्ट्याला टाइल्स. टाइल्सवर रंगीत दिवे, स्टीलचा कठडा नि हत्तीएवढी दानपेटी. खाद्य? "तेचा काय, लोक घालतत." त्यासाठी पैसे कुठून? बिबट्याचं मटण कापलं. लॉजवाल्याची हरकत नाही — आता खोल्यांत भक्त उतरतात, नि रात्रीची गुरगुर ऐकून हात जोडतात! हरणांचा चारा पण कापला. हरणं ओरडत नाहीत.

मी विचारलं, "नि पंप? पाणी कुजलाहा मेल्यांनो."

"आये, पंप पाण्याच्या आत. तो कोणाक दिसता?"

नम्रता आज चहाबरोबर बिस्किटं घेऊन आली.

३० जुलै, बुधवार

श्रावण. गावभर भेंडीची भाजी. मगरीला कोंबडे. परशुराम सांगतो, त्यानं स्वतः पण श्रावण धरलाय. परशुरामाचं पोट तसं सांगत नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या, संचिता मॅडम. कोल्हापूरच्या. फोंडाघाटात बस बंद पडली नाही तरच पोचतात. भिजून आलेल्या, नि तापलेल्या. ओसरीवर बसल्यासुद्धा नाहीत.

"अध्यक्षसाहेब, ते तळं नाही, गटार आहे. पावसाळा लागल्यापासून मला ते जनावर धड दिसलेलं नाही. नुसते नारळ तरंगतात! लोक आत पैसे टाकतात, बाटल्या टाकतात. हे पोटात गेलं तर मरेल ती."

एक मोठं केंद्र मगरीला घ्यायला तयार आहे. गाडी त्यांची, खर्च त्यांचा, तिकडे मोठं स्वच्छ तळं. बाबलीनं फक्त हो म्हणायचं.

बाबली ऑफिसातलं मराठी बोलायला लागला. तो असं बोलतो तेव्हा काहीतरी नाकारायचं असतं. "मॅडम, आपल्या भावना समजतात. परंतु हा जनतेच्या श्रद्धेचा विषय आहे." मग गाडी मालवणीवर घसरली — "देव कोण पार्सल करता काय ओ?"

मॅडम माझ्याकडे वळल्या. "आजी, तुम्ही तरी सांगा ह्यांना. इथे राहिली तर ती वाचणार नाही."

मी तांदूळ निवडत होते. निवडत राहिले.

पोट भरायला नारळ ठेवला मी. पोट भरलं टाइल्सवाल्याचं. आधी ती उपाशी होती, पण निदान कोणीही उचलून नेऊ शकत होता. आता देव करून ठेवलंय — कोण हात लावणार? मीच बसवलाय हा देव. उठवायला पण मलाच हवं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

बाबलीनं मगरीच्या कट्ट्यापुढे झेंडा लावला. भाषणात 'आपला राखणदार' सात वेळा. हरणांच्या फासळ्या दिसायला लागल्यात, ती झेंड्याकडे बघत होती. कदाचित खायचा आहे का, ते बघत असतील.

२३ ऑगस्ट, शनिवार. अमावास्या

झालं! लिहिताना अजून हसू येतंय.

ही गर्दी! सावंतवाडीहून गाड्या आलेल्या. देवगडच्या एका बागायतदारानं आंब्याला मोहर चांगला येऊ दे म्हणून बकराच आणलेला. बाबली गळ्यात हार घालून गाऱ्हाणं घालत होता — "बा राखणदारा म्हाराजा, ह्या बागेची बरकत कर रे म्हाराजा!" लोक, "व्हय म्हाराजा!"

मी मास्तरांचा खांदा धरून नव्या टाइल्सवर चढले. गुळगुळीत टाइल्स, दोनदा पाय सरकला.

"माका सपनात राखणदार इलो!" मी ओरडले.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे.

"म्हणालो, हयसर माजो जीव घुसमाटता. माका मोठ्या पाण्यात जावचा आसा. गाडी येतली, तिका कोणी आडवू नकात. रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बाबली माझा पदर ओढत होता. "आये, काय करतंस गो? उतर खाली!"

मी आणखी मोठ्यानं, "अध्यक्षांका पण मंजूर आसा, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!"

अध्यक्षांचं तोंड बघायला हवं होतं. देवाच्या शब्दाला नाही म्हणायचं तर देव खोटा, नि देव खोटा तर पेटी खोटी. हार घातलेला तसाच घरी आला, तसाच जेवायला बसला. संचिता मॅडमना नम्रतानंच फोन केला — हळू आवाजात, मयताचं कळवतात तसा. गणपती झाले की गाडी येणार.

स्वप्न? मला कसलं स्वप्न पडतंय! पाठ टेकली की मेल्यासारखी झोपते.

९ सप्टेंबर, मंगळवार

गाडी आली. जाळी, दोरखंड, दणकट चार माणसं, संचिता मॅडम. सगळा गाव कठड्याला लागलेला. तळं उपसायला भाड्याचं मशीन लावलं.

पाणी खाली खाली जात गेलं. नारळ दिसले. बाटल्या दिसल्या. नाणी, एक चप्पल, कोणाचातरी मोबाईल. मग चिखल. माणसं आत उतरली. काठीनं सगळा चिखल ढोसून बघितला. ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत.

मगर नाही.

हाड नाही, दात नाही, काही नाही.

मॅडम कट्ट्यावर बसल्या. "पुरात. पुराच्या दिवशी पाणी कट्ट्यावरून गेलं असणार. तेव्हाच गेली ती खाडीत."

म्हणजे मी नारळ ठेवला तेव्हा आत कोणी नव्हतंच! उपाशी ठेवलेल्या बाईला दार उघडं दिसलं, नि ती गेली. बरं केलंन. माझ्या नारळाची वाट बघत बसली नाही. आणि आम्ही अडीच महिने हिरव्या पाण्याला कोंबडे घालत होतो.

कोंबड्यांवरून आठवलं तसं सगळ्यांनी परशुरामाकडे बघितलं. परशुराम आभाळाकडे बघत होता.

मला वाटलं, आता धोंडे पडणार. मी काठी घट्ट धरली, पदर खोचला. पहिला बोलेल त्याला काय ऐकवायचं ते तोंडात तयार होतं.

तेवढ्यात मास्तर ओरडले, "काकींका सांगितल्यान तसोच गेलो राखणदार! मोठ्या पाण्यात! गाडीची वाट पण बघूक नाय!"

"व्हय म्हाराजा!"

कोणीतरी माझ्या पायाशी वाकलं. मग दुसरं. "गो बायांनो, उठा! पडलात कित्याक?" म्हणून ओरडले. कोण ऐकतंय! बाबली लांबून माझ्याकडे बघत होता. पोटच्या पोरानं असं माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. कट्टा बांधायला जागा बघावी तसं.

१० सप्टेंबर, बुधवार

सकाळी दार उघडलं तर पायरीवर कुंकू लावलेला नारळ. फाटकापर्यंत बायका, हात जोडून. बाबली नवी खुर्ची घेऊन आला, ओसरीच्या मधोमध ठेवली, नि कानाशी म्हणाला, "आये, हयसर बस. पण आता तोंड उघडू नको हां."