उलट्या फुलांचा पडदा

३ फेब्रुवारी

ठकीचा फोन. वर्षभर रोज एक फोटो काढायचा आणि एकमेकींना पाठवायचा म्हणे. घरातला चालणार नाही, बाहेरचाच. एकही दिवस चुकवायचा नाही. मी म्हटलं, मला पडदे शिवायला वेळ पुरत नाही, फोटो कुठले काढू? तर म्हणते, "आई, हातात घेतलेलं अर्धवट सोडत नाही असं तूच सगळ्यांना सांगतेस ना?" पोरगी माझ्यावरच गेली आहे.

दुकानातून येताना काढला. बसथांब्याखाली झोपलेलं कुत्रं. निम्म्या फोटोत माझा अंगठा.

४ फेब्रुवारी

तिचा फोटो — ऑफिसातलं टेबल, वर कप. बाहेरचाच म्हणून नियम हिनेच केला ना? "ऑफिस म्हणजे घराबाहेरच की." वकील व्हायला हवी होती.

११ मार्च

हे रोज विचारतात, "आज कुठलं गटार टिपलं?" हसू देत. काल पुलाखालचं पाणी पाठवलं तर ठकीने लिहिलं, "अजून असे पाठव. लांबचे." मला पाय आहेत की चाकं? तरी आज नदीकाठाने वळसा घालून आले.

२९ एप्रिल

ताप. डोकं ठणकतंय. खाली दारापर्यंत जाऊन समोर उभ्या असलेल्या टँकरचा काढला. हे ओरडले. काढला म्हणजे काढला.

१६ जून

आज ठकीने मैत्रिणीच्या घरचा फोटो पाठवला. खिडकीत कुंडी, बाजूला पडद्याची कड. मोठा करून पाहिला. निळी फुलं — देठ वर, तोंड खाली.

तो पडदा मी शिवलाय. ठकी एकटी राहायला गेली तेव्हा घाईघाईत केला. जोडीतल्या एकाचं कापड उलटं धरलं, अस्तरही लावलं नाही. दुकानात कापड कापणारा कटर मास्तर अजून चिडवतो. उसवून देते म्हटलं तर ठकी म्हणाली, "राहू दे, मजा वाटते." असा पडदा दुसऱ्या कुणाच्या घरी कशाला असेल?

मागचे सगळे फोटो काढून बसले. ऑफिसचं टेबल म्हणजे तिचं जेवायचं टेबल. 'हॉटेल'मधली भिंत तिच्या स्वयंपाकघराची. एकही फोटो बाहेरचा नाही. खोटं का बोलतेय? नोकरी गेली? आजारी आहे? हे म्हणाले, "फोन कर." फोनवर ती मला गुंडाळून टाकेल. उद्या सकाळची गाडी पकडते.

१७ जून

दार ठकीनेच उघडलं. वाळली आहे नुसती.

फेब्रुवारीपासून घराबाहेर पडलेली नाही. जानेवारीत रस्ता ओलांडताना गाडीखाली येता येता वाचली. खरचटलंसुद्धा नाही. पण तेव्हापासून दाराबाहेर पाऊल टाकलं की छातीत धडधडतं, हात गार पडतात. काम घरूनच करते, सामान दारात येतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज बाहेर जाऊन एक फोटो काढा. "वाटलं, तू पण करत असलीस की मला जमेल. नाही जमलं. मग तुझेच बघत बसायचे." आम्हाला सांगितलं का नाही? "तू लगेच आली असतीस."

आलेच असते.

२० जून

मी चुकले. काल म्हटलं, चल, मी आहे ना, खालच्या दुकानापर्यंतच जायचंय. हात धरून ओढलीच. जिन्याच्या वळणावर मटकन खाली बसली. वर आणून पाणी दिलं. संध्याकाळी म्हणाली, "आई, तू घरी जा. फोटो पाठवत राहा. तेवढंच कर."

मोरीत नळ सोडून रडून घेतलं.

२२ जून

घरी. निघताना एक कबूल करून घेतलं — यापुढे ऑफिस नाही, मैत्रीण नाही, असेल तेच पाठवायचं. आज आली दाराची कडी. आतून.

५ ऑगस्ट

हल्ली रस्त्याचे काढते. काल या बाजूने, आज पलीकडून. आई रस्ता ओलांडून नीट पोचली हे तिला कळावं म्हणून.

तिचा: उंबरठा. पायाची बोटं आत.

१४ ऑक्टोबर

उंबरठा. बोटं बाहेर. यांनी फोन तीनदा मागून घेतला. गटाराची चेष्टा बंद झाली आहे.

११ डिसेंबर

मागच्या आठवड्यात जिन्याचं वळण आलं होतं. जिथे बसली होती तेच. तेव्हापासून रोज पुन्हा कडी. मास्तर म्हणतो, जाऊन ये. नाही जाणार. एकदा ओढून पाहिलं, तेवढं पुरे. पण जीव थाऱ्यावर नाही. आज एका गिऱ्हाइकाची झालर दुसऱ्याच्याच पडद्याला लावून बसले.

१ फेब्रुवारी

उद्या वर्ष संपतं. तिला लिहिलं, "संपलं तरी मी पाठवतच राहणार. नियम गेला खड्ड्यात."

२ फेब्रुवारी

दुकानात असताना फोटो आला. हललेला आहे, कोपऱ्यात अंगठा. मधे सगळा रस्ता, आणि पलीकडे वर ठकीची खिडकी. तो पडदा मी बाहेरून कधी पाहिलाच नव्हता. फुलं तिकडूनही उलटीच दिसतात.