पायांतला दोरा

१८ एप्रिल, मंगळवार

जाऊबाईंची बदकी काल मेली. माझ्या कुत्र्यानं, कारानं मारली. म्हणजे मीच मारली — दोन अंगणांमधल्या दाराची खिटी लावायची राहिली, ती माझ्याकडून. दोन्ही हातांत बादल्या होत्या. कोपरानं दार लोटलं आणि पुढे गेले. अडतीस वर्षं पोरांना सांगत आले, गणित सुटलं तरी एकदा मागे जाऊन तपासा. स्वतः मागे वळून पाहिलं नाही.

सकाळी काराच्या खोपटात पिसं सापडली. चुलीत घातली. तेवढ्यात पलीकडून जाऊबाईंचा आवाज — कोल्हा येऊन गेला, कोल्हा! धावत गेले. नऊपैकी पाच अंडी शाबूत होती, त्यांतली ऊब जायला लागली होती. जाऊबाई कोल्ह्याच्या सात पिढ्या काढत होत्या. मी नुसती मान हलवली. खोटं बोलायला तोंड उघडावंच लागतं असं नाही.

अंडी शालीत गुंडाळली. म्हटलं, मी उबवते. त्यांनी माझ्या गालाला गाल लावला. "देवानं तुला एवढं शिकवलं ते आज कामाला आलं बघ, सादत."

त्या गालाची ऊब अजून जात नाही.

१९ एप्रिल

औषधांची थर्माकोलची पेटी मेलिसकडून आणली. मेलिस म्हणजे गावचा गुरांचा डॉक्टर, माझाच विद्यार्थी. आत चाळीस वॅटचा दिवा, वाटीभर पाणी, शाळेतला जुना थर्मामीटर. तापमान साडेसदतीस. अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलनं फुली, दुसऱ्या बाजूला गोल, म्हणजे फिरवताना चूक नको. दिवसातून पाच वेळा फिरवायची.

बॅटरीवर धरून पाहिली. एक पोकळ. चारांत शिरा दिसल्या, लाल, बारीक. आज सोळावा-सतरावा दिवस असावा.

ही बदकं थोरल्या दिरांनी सरोवरावरच्या मत्स्यशाळेतून आणली होती, कोटाच्या दोन खिशांत दोन पिल्लं. ते गेले, त्यालाही बारा वर्षं झाली. कळप कमी होत होत यंदा एक नर आणि ही एक बदकी उरली होती. आता नर एकटा अंगणात फिरतो. ओरडत नाही, हळू आवाजात काहीतरी विचारत राहतो.

एक तरी पिल्लू जगलं पाहिजे. जिवंत, चालतं पिल्लू जाऊबाईंच्या हातात द्यायचं. बाकी मला काही नको.

२० एप्रिल

३७.४. ३७.६. ३७.५. कारा साखळीला आहे. जाऊबाईंनी विचारलं, याला का बांधलंस? कोल्ह्याच्या मागे पळेल म्हणून, म्हटलं. हे दुसरं खोटं. यावेळी तोंड उघडून.

२४ एप्रिल, सोमवार

बारा वाजता वीज गेली. फोन केला तर म्हणे संध्याकाळपर्यंत वाट बघा. पेटी लोकरीच्या जाड नमद्यात गुंडाळली, बाजूंना गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या, तरी तापमान उतरायला लागलं. छत्तीस. पस्तीस. जाऊबाई आल्या, दोन अंडी उचलून पोलक्यात घातली, वरून मोठा कोट चढवला आणि भिंतीला टेकून बसल्या. दोन मी घेतली. अशा आम्ही दोघी म्हाताऱ्या पाच तास समोरासमोर. चहासुद्धा हलक्या हातानं.

म्हणाल्या, चार पोरं झाली, पण एवढा वेळ कुणाला छातीशी धरून बसले नव्हते. सामूहिक शेतीवर जायचं असायचं. मग हसायला लागल्या. मी म्हटलं, हसू नका, अंडी हलतील.

मी राजधानीतून, फ्रुन्झेहून पदवी घेऊन या घरात सून म्हणून आले तेव्हा मला गाय पिळता येत नव्हती. सासूबाई म्हणायच्या, हिच्या पदवीची धार काढा आता. जाऊबाई माझ्या आधी उठून गोठ्यात जायच्या, माझ्या वाट्याची गाय पिळायच्या, भरलेली बादली माझ्या हातात द्यायच्या आणि सासूबाईंना सांगायच्या, सादतनं काढलं. दीड महिना. मला जमायला लागेपर्यंत. याबद्दल मी त्यांना कधी 'उपकार झाले' म्हटल्याचं आठवत नाही. तेव्हा वाटलं होतं, अडाणी बाई आहे, करते.

वीज आली पाच वाजता. चारही अंड्यांत हालचाल आहे. दिव्याचे आभार, नमद्याचे आभार, त्या कोटाचे आभार.

२६ एप्रिल

आता अंडी फिरवायची नाहीत. नुसतं कोमट पाणी शिंपडायचं.

२९ एप्रिल, शनिवार

सकाळी एका अंड्यातून टकटक. दहा वाजता चीर पडली — पण निमुळत्या टोकाला! डोकं उलटीकडे आहे. हवेची जागा असते रुंद टोकाला. हे तिकडे तोंड करून बसलंय जिथे श्वास घ्यायला जागाच नाही.

बाकीची तीन गप्प. कानाला लावून पाहिली.

३० एप्रिल, रविवार

 

काल दहापासून आज दुपारपर्यंत भोक एवढंच, ज्वारीच्या दाण्याएवढं. आतला पडदा सुकून कागदासारखा झालेला, पिल्लाला आवळून बसलेला. चोच दिसायची, उघडायची, मिटायची. आवाज बारीक होत चालला. मेलिसला फोन केला. म्हणाला, हात लावू नका बाई. "शाळेत तुम्हीच सांगायचात ना, जो स्वतः सोडवत नाही त्याला शून्य. आता अंड्याला कॉपी पुरवणार?"

म्हटलं, शून्य मला दे. फोन ठेवला.

पोरांचा रंगाचा ब्रश, कोमट पाणी, भुवयांचा चिमटा उकळून घेतला. पडदा ओला केला. कवचाचा कपचा काढला, नखाएवढा. थांबले. पुन्हा ओलं. पुन्हा कपचा. तिसऱ्या वेळी पडद्यावर लाल रेघ दिसली आणि तिच्यातून रक्ताचा थेंब आला. शिरा अजून आत ओढल्या गेल्या नव्हत्या! घाई केली मी. ओलं फडकं लावून थांबवलं. मग काहीच करायचं नव्हतं. तीन तास नुसतं बसायचं. माझ्यासारख्या बाईला याहून मोठी शिक्षा नाही.

जाऊबाई शेजारी बसून राहिल्या. मी विचारलं, जगेल? त्या म्हणाल्या, तू बाहेर काढशील, जगायचं काम त्याचं. एवढंच.

चार वाजता शिरा फिकट झाल्या. उरलेलं कवच काढलं. पिल्लू तळहातावर आलं. ओलं, लांब मानेचं, डोळे मिटलेले. बेंबी पुरती बंद नव्हती, पिवळ्या बलकाचा हरभऱ्याएवढा गोळा बाहेर. आयोडीन लावलं, उकळलेल्या फडक्यावर ठेवलं. रडले की काय ते लिहीत नाही.

बाकी तीन अंडी उघडून पाहिली. तिन्ही आत मेलेली, पूर्ण वाढलेली. जर्दाळूच्या झाडाखाली पुरली.

पाचांतलं एक.

१ मे

श्वास चालू. बाकी सगळं बंद. मान उचलत नाही. थेंब थेंब साखरपाणी चोचीच्या कडेनं. दर अर्ध्या तासाला एक थेंब, जास्त दिलं तर नाकात जातं. बलकाचा गोळा आत गेला!! दोन उद्गारचिन्हं. वर्गात मी एकाचेही गुण कापायचे.

२ मे, मंगळवार

मान उचलली. अंड्याचा पिवळा बलक कुस्करून दिला, बोटावरून चाटला. उभं राहायला गेलं आणि दोन्ही पाय दोन बाजूंना फाकले, वर्तुळ काढताना कंपास घसरावा तसे. पोटावर पडून राहिलं. पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच.

मेलिस स्वतः आला. शून्य किती मिळालं ते बघायला आलो, म्हणाला. मग पिल्लू हातात घेतलं. पाय तपासले, चिमटीत धरले, सोडले. हाडं ठीक आहेत, म्हणाला, पण आठवड्यात पाय सरळ झाले नाहीत तर कधीच होणार नाहीत, आणि न चालणारं बदक जगत नाही बाई, खोटं कशाला सांगू. दोन्ही पाय जवळ घेऊन बांधायचे, मध्ये बोटभर अंतर. खाली कागद नको, घसरतं, खरखरीत कापड. आणि खाण्यात खमिराचं काहीतरी.

जाताना दारात थांबला. "तुम्ही काढलं नसतं तर मेलंच असतं. फोनवर मी चुकीचं सांगितलं." या पोराला मी दहावीत दोनदा नापास केलं होतं. आज त्याला पूर्ण गुण.

३ मे

मी पट्टी कापत होते तर जाऊबाई काळ्या आणि पांढऱ्या लोकरीचा पीळ घेऊन हजर. याच दोऱ्यानं बांध, म्हणाल्या. पोर पहिलं पाऊल टाकतं तेव्हा आपण पायांत हाच बांधून मग कापतो ना, मग याला वेगळं काय म्हणून? मी म्हटलं, जाऊबाई, हा उपचार आहे, विधी नाही. "असू दे. उपचाराला रंग चालत नाही का?"

बांधला. आतून पट्टी माझी, वरून दोरा त्यांचा.

बाटलीतल्या मक्सिम पेयाचा तळाचा गाळ त्यांनीच आणला. आंबवलेल्या धान्याचा तो गाळ बलकात कालवला. पिल्लानं असा चोपला की चोच, डोळे, कपाळ सगळं माखलं.

५ मे

उभं राहिलं. चार सेकंद. मोजले.

६ मे

अकरा सेकंद. मग एक पाऊल, बांधल्या पायांनी, म्हणजे उडीच. माझ्या बुटावर येऊन आदळलं आणि तिथेच झोपलं. दुपारचा स्वयंपाक राहिला. बूट हलवता येईना.

७ मे, रविवार

चिरलेला कोवळा पाला, गाळ, बलक. उथळ ताटलीत पाणी, त्यात गोटे, म्हणजे बुडायला नको. पाणी पाहिल्यावर त्याच्या अंगात काय येतं! जाऊबाई म्हणाल्या, थेट त्याच्या आईसारखं मान घालतं.  मग म्हणाल्या, सादत, तू नसतीस तर माझ्याकडे काही उरलं नसतं.

मी भांडी घासायला उठले. भांडी घासलेलीच होती.

९ मे

शाळेतून समारंभाचं बोलावणं होतं. गेले नाही. मेलिस आला, पाय पाहिले. सरळ! उद्यापासून बांधायची गरज नाही म्हणाला. जाऊबाईंनी लगेच ठरवलं, उद्या दोरा कापायचा, रीतीनं. त्याच कणकेचे बोरसोक तळणार. आणि कापणार कोण, तर मी.

या गल्लीतल्या निम्म्या पोरांचा दोरा मी कापलाय. कापणाऱ्याचा स्वभाव पोरात उतरतो म्हणे, आणि पोर वक्तशीर, सरळ निघावं असं सगळ्यांनाच वाटतं. मी हसून कात्री चालवायची. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, कधीच नव्हता.

मग कात्रीला धार लावताना हात का थांबला?

१० मे, बुधवार

बोरसोक गरम होते. पिल्लू सतरंजीवर. जाऊबाईंनी कात्री माझ्यापुढे धरली आणि म्हणाल्या, तुझ्यासारखं सरळ चालू दे.

मला ती घेता येईना.

"कोल्हा नव्हता, जाऊबाई. कारा होता. दाराची खिटी मी लावली नव्हती. पिसं मी जाळली."

बाहेर नर बदक चालत होतं, त्याच्या पायांचा आवाज येत होता. जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. पिल्लाकडे पाहिलं. मग कात्री खिशात घातली, गुडघ्यांवर हात देऊन उठल्या आणि गेल्या. मधल्या दाराशी थांबल्या. गुडघ्यांमुळे त्यांना वाकवत नाही, पण वाकल्या, आणि खालची खिटी लावली. माझ्या बाजूनं ती नेहमी अडकते. आज एका झटक्यात बसली.

बोरसोक ताटात तसेच.

११ मे

जाऊबाई आल्या नाहीत. चुलीचा धूर दिसला, म्हणजे बऱ्या आहेत. मी जायला निघाले, दारापर्यंत गेले, परत आले. त्यांच्या दुःखाला माझी घाई कशाला?

पिल्लू खातंय, वाढतंय. त्याला सांगितलं, तू त्यांचं आहेस, त्या मागतील तेव्हा जायचं. मला बारा दिवस मिळाले. ज्या बाईनं दीड महिना माझी गाय पिळली, तिची मी एवढी वाईट फेड केली, आणि तरी त्यातून मला हे बारा दिवस मिळाले. याबद्दल कुणाचे आभार मानायचे ते कळत नाही. पण मानते.

१२ मे, शुक्रवार

सकाळी आल्या. बसल्या नाहीत. दारातच, एका श्वासात बोलल्या: "त्या संध्याकाळी तुझी चाळणी परत द्यायला मी आले होते. तू झऱ्यावर गेली होतीस. दार उघडं होतं, कुत्रा मोकळा होता, सगळं पाहिलं. वाकायचा कंटाळा आला, तसंच ठेवून गेले. सकाळी ते घरटं पाहिलं आणि तू विचारायच्या आत ओरडले. कोल्हा मीच आणला, सादत."

दोरा अजून तसाच आहे. कापायला आता तिसरं कोणीतरी शोधायला हवं.