वर्ष पुरं होऊ दे

॥ श्री ॥
तंजावूर, १४ जून १९९५

चि. चिदंबर यास अक्काचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. तुझे पत्र आणि पॉलिसीचे फॉर्म पोचले.

इकडची मोठी बातमी म्हणजे आपले म्हातारे डॉक्टर दवाखाना मोडून मद्रासला मुलाकडे निघून गेले. चाळीस वर्षे आपल्या घरातल्या प्रत्येकाची जीभ त्यांनी पाहिली. जाताना दारापुढच्या तिण्णैवर, ओट्यावर, बसून कॉफी घेतली आणि तुझ्या भावोजींना म्हणाले की तुकोजी, तुमच्या पोटाखालचा हर्निया वाढतो आहे, आज ना उद्या कापावा लागेल, पण आता ते दुसऱ्या कोणाकडून करून घ्या. भावोजी त्या दिवसापासून दुसऱ्या कोणाचे नावच घेत नाहीत. पाटबंधारे खात्यात सारा जन्म कालवे दुरुस्त केले, पण स्वतःला कोणी हात लावायचा म्हटले की लहान पोर होतात.

तेव्हा घरचा म्हणावा असा डॉक्टर आता मलाच शोधला पाहिजे. आम्हाला मूलबाळ नाही, विचारायचे कोणाला? तू विम्याच्या कंपनीत आहेस, तर डॉक्टर कसा पारखावा, कोणाचा कागद तुमची कंपनी मानते, हे सविस्तर लिही. फोन करू नकोस. बूथवाला काचेला कान लावून बसतो, आणि राजवाड्यामागच्या आपल्या गल्लीत संध्याकाळपर्यंत सगळ्यांना सगळे कळते.

सौ. वाणीस आशीर्वाद. हरिताला म्हणावे, आत्याला मराठीत दोन ओळी लिही. तुझी माया आहे तशीच राहो.

तुझी
ताराअक्का


॥ श्री ॥
पुणे, २ जुलै १९९५

ती. सौ. अक्कास चिदंबरचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र वाणीला मोठ्याने वाचून दाखवले. भावोजी लहान पोर होतात यावर ती इतकी हसली की तिची पोळी करपली.

आता कामाचे. डॉक्टर चांगला आहे असे कोणी सांगितले म्हणून जाऊ नकोस. पाटीवरची पदवी वाच, आणि राज्याच्या मेडिकल कौन्सिलमधला नोंदणी क्रमांक विचार. त्यात लाजण्यासारखे काही नाही. शस्त्रक्रिया करतात तो दवाखाना नगरपालिकेत नोंदलेला हवा, पुरेशा खाटा हव्यात, आणि शिक्क्याची पावती देणारा हवा. पैसे आधी आपण भरायचे, मग कागद पाहून कंपनी परत देते. कागदात एक अक्षर कमी पडले तर सहा महिने हेलपाटे.

तुमच्या दोघांची पॉलिसी १ ऑगस्टपासून सुरू होईल. भावोजींच्या हर्नियाला पहिले वर्ष पैसे मिळणार नाहीत, तेव्हा पट्टा बांधून पुढच्या ऑगस्टपर्यंत काढा. आणि सांभाळ, मुदतीआधी डॉक्टरच्या कागदावर आजाराचे नाव आणि तारीख पडली, तर कंपनी जुना आजार म्हणून हात वर करते. मी मोटारींच्या अपघाताच्या विभागात असलो तरी इतके मलाही कळते.

हरिता दोन ओळी लिहिणार होती, खेळायला पळाली. आशीर्वाद असू द्यावेत.

तुझा
चिदंबर


॥ श्री ॥
तंजावूर, २४ सप्टेंबर १९९५

चि. चिदंबर यास अनेक आशीर्वाद.

तू सांगितल्याप्रमाणे मी सारे गाव पारखून काढले. पहिल्या डॉक्टरांच्या पाटीवर नावापेक्षा पदव्या लांब. एकेकीचा अर्थ विचारत गेले, तर त्यातली एक कुठल्याशा क्लबाची निघाली. नोंदणी क्रमांक विचारला तेव्हा त्यांनी मला विचारले की आई, तुम्ही इन्कम टॅक्सकडून आलात का. दुसरे ओरत्तनाडुच्या रस्त्यावर, माणूस सज्जन, क्रमांकही खरा, पण पावती म्हटली की त्यांना कमी ऐकू येते.

तिसरी लावण्या. तिशीची पोर असेल. मी भीत भीत क्रमांक विचारला, तर हसली, भिंतीवरची नोंदणीच्या दाखल्याची चौकट काढली, पदराने धूळ पुसून माझ्या हातात दिली आणि म्हणाली की माझ्यावरही विश्वास ठेवू नका, कौन्सिलला कार्ड टाका. मी टाकले. उत्तर आले, नाव, साल, क्रमांक सगळे बरोबर. ती स्टेशनाजवळच्या ज्या नर्सिंग होममध्ये शस्त्रक्रिया करते तेही पाहून आले. वीस खाटा, नगरपालिकेचा परवाना, शिक्क्याच्या पावत्या. आपला डॉक्टर सापडला बघ! भावोजी म्हणतात की मुलीच्या वयाच्या बाईसमोर मी वेष्टी सोडणार नाही. सोडतील.

एक विचारायचे राहिले. शेजारच्या शेषम्मांनीही ऑगस्टमध्येच आमच्यासारखी पॉलिसी घेतली आहे. गेल्या आठवड्यात न्हाताना त्यांच्या छातीत गाठ लागली. सुपारीएवढी, दुखत नाही. आत्ता डॉक्टरला दाखवली तर कागदावर तारीख पडेल, मग त्यांनाही भावोजींसारखेच वर्षभर थांबावे लागेल का? की थांबण्यात काही धोका आहे? बिचारी कोणाला सांगत नाही, मलाच सांगितले. नवऱ्याचे पेन्शन तेवढेच, त्यातून नवऱ्याचे स्वतःचे ऑपरेशनही व्हायचे आहे. लवकर कळव.

लोभ वाढता असू दे.

तुझी
ताराअक्का


॥ श्री ॥
पुणे, १९ ऑक्टोबर १९९५

ती. सौ. अक्कास सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. हरिताची परीक्षा, वाणीच्या आईचे डोळे, आणि ऑफिसात कॉम्प्युटर आल्यापासून सगळी कामे दोनदा करावी लागतात, एकदा यंत्रावर आणि एकदा वहीत. लावण्या डॉक्टरांची हकीकत मी ऑफिसात सगळ्यांना सांगितली. आमचे साहेब म्हणाले की तुमच्या बहिणीला इथे तपासनीस म्हणून पाठवा.

दिवाळीला चकल्या पाठव. इथल्या चकलीला आपल्या मुरुक्कूची चव नाही. हरिताला घरातले मराठी कळते, पण उत्तर इंग्रजीत देते. मे महिन्यात तिला तुझ्याकडेच पाठवतो.

शेषम्मांबद्दल विचारलेस. नियम सर्वांना सारखाच. न दुखणारी गाठ बहुधा चरबीची असते, आईच्या पाठीवर वीस वर्षे नव्हती का? त्यांना म्हणावे, घाई करू नका, वर्ष पुरं होऊ दे.

भावोजींना नमस्कार. असाच जीव लावत जा.

तुझा
चिदंबर


॥ श्री ॥
तंजावूर, ११ मार्च १९९६

चि. चिदंबर यास आशीर्वाद.

बऱ्याच दिवसांत लिहिले नाही, हात आळसावला. जानेवारीत तिरुवैयारूला आराधनेचे गाणे ऐकायला गेलो होतो. यंदा मला फार वेळ मांडी घालून बसवेना, म्हणून वाळूत चालत राहिले. कावेरीला पाणी थोडे, पण होते.

भावोजी पट्टा बांधून फिरतात आणि मला रोज विचारतात की ऑगस्टला किती दिवस राहिले. मी भिंतीवरच्या पंचांगात पाहून सांगते. आज एकशे त्रेचाळीस.

हरिताला मे महिन्यात नक्की पाठव. तिच्या मापाचे दोन पावडै, आपले परकर, शिवून ठेवले आहेत. शिवताना उजवा हात लवकर दुखतो, म्हणून थोडे थोडे करते. तू पण ये रे. कामाचे निमित्त काढू नकोस. तुला पाहून तीन वर्षे झाली. जास्त काय लिहू, आठवण ठेव.

तुझी
ताराअक्का


॥ श्री ॥
तंजावूर, २० ऑगस्ट १९९६

चि. चिदंबर यास तुकोजीचे आशीर्वाद.

माझे देवनागरी अक्षर वाकडे आहे. लग्नानंतर तुझ्या अक्कानेच शिकवले. समजून घे.

बातमी वाईट आहे. दोन तारखेला सकाळी तारा लावण्या डॉक्टरांकडे गेली. मला वाटले माझ्याच ऑपरेशनचा दिवस ठरवायला गेली. डॉक्टरांनी मला बोलावणे पाठवले. ताराच्या छातीत गाठ आहे. आता सुपारीएवढी नाही, फुटायला आली आहे. काखेतही आहे. डॉक्टरांनी विचारले की हे कधीपासून, तर तारा म्हणाली की काल दिसले. डॉक्टर तिचा हात धरून बसल्या. मग तारा त्यांना म्हणाली की कागदावर कालचीच तारीख लिहा. त्या म्हणाल्या की अम्मा, मी खोटे लिहिले तर माझा क्रमांक कशाला तपासलात. आणि त्या रडल्या. डॉक्टरला रडताना मी पहिल्यांदा पाहिले.

मद्रासला मोठ्या इस्पितळात नेऊन आणले. हाडांत आणि यकृतात पसरले आहे. कापण्यात अर्थ नाही म्हणाले. वेदनेच्या गोळ्या दिल्या आहेत. दिवाळी दिसेल असे त्यांना वाटत नाही.

एका घरात राहून मला कळले नाही. तिने अंगावर पदर ओढून घेतला तर मला वाटे थंडी वाजते. तंजावुरात थंडी कसली? एवढे माझ्या डोक्यात आले नाही.

एक विचारतो. तिच्या ट्रंकेत तुझे ऑक्टोबरचे पत्र सापडले. नमस्काराच्या आधीच्या दोन ओळींखाली पेन्सिलीने रेघ मारली आहे. त्यात कोणा शेषम्मांच्या गाठीबद्दल लिहिले आहेस. आपल्या शेजारच्या शेषम्मा वारून सहा वर्षे झाली. तू कोणाबद्दल लिहिलेस?

जमेल तितक्या लवकर ये.

तुकोजी


॥ श्री ॥
पुणे, २७ ऑगस्ट १९९६

ती. सौ. अक्कास,

नमस्काराचे शब्द लिहायची माझी लायकी नाही, तरी तुझ्या पायांवर डोके ठेवतो.

भावोजींचे पत्र काल आले. शेषम्मा गेल्याचे मी विसरलो, आणि तू स्वतःबद्दल विचारलेस ते मला दिसले नाही. 'बिचारी कोणाला सांगत नाही, मलाच सांगितले' असे तू लिहिलेस, आणि मी ते वाचून चकल्या मागितल्या.

अक्का, आज आरोग्याच्या विभागात जाऊन मी तुझी पॉलिसी काढून घेतली आणि मागचे बारीक छापलेले पान वाचले. जन्मात पहिल्यांदा. वर्षभर थांबायचा नियम सगळ्यांना नाही. तिथे मोजक्या आजारांची यादी आहे, हर्निया, मोतीबिंदू, मूळव्याध आणि असेच काही. छातीतली गाठ त्यात नाही. पॉलिसी सुरू झाल्यावर पहिला महिना गेला की झाले. तुला गाठ लागली सप्टेंबरात. तू त्याच आठवड्यात लावण्या डॉक्टरांकडे गेली असतीस तरी कंपनीने सगळे दिले असते. आणि नसते दिले, तरी मी होतो ना? वाणीच्या बांगड्या होत्या. तू मला एकदा तरी स्वतःचे म्हणून का नाही लिहिलेस?

हे मी तुला कळवू नये असे वाणी म्हणते. पण तुझ्याशी आणखी एक खोटे मला पेलणार नाही. रजा मंजूर झाली आहे, सहा तारखेच्या गाडीने निघतो. माझ्याशी बोलायचे नसेल तर बोलू नकोस. मला फक्त उशाशी बसू दे.

तुझा अपराधी
चिदंबर


॥ श्री ॥
तंजावूर, १ सप्टेंबर १९९६

चि. चिदंबर यास अक्काचे आशीर्वाद, अनेक, अनेक.

मी सांगते आहे आणि भावोजी लिहीत आहेत. चुका त्यांच्या समजाव्यात.

वेडा आहेस. तुझ्या पत्रामुळे काही झाले नाही. डिसेंबरात मी लावण्याकडे भावोजींच्या पट्ट्याचे विचारायला गेले होते, तेव्हा पॉलिसीचा कागद बरोबर होता. तिने ते मागचे पान मला वाचून तमिळमध्ये समजावून सांगितले. वर्षाचा नियम सगळ्यांना नाही हे मला तेव्हाच कळले होते. तरी मी गेले नाही. मला भीती वाटली. चाकूची, आणि कोणीतरी ते नाव उच्चारील याची. तू 'ताबडतोब जा' असे लिहिले असतेस तरी मी काही निमित्त काढले असते. हा माझा दोष आहे, तो तू घेऊन जाऊ नकोस. मोठ्या बहिणीच्या वस्तू न विचारता उचलायची तुझी सवय गेली नाही.

येताना गरम कपडे आणू नकोस. हरिताला यंदा आणू नकोस, मला असे पाहू नये तिने. तू मात्र ये.

तुझी
ताराअक्का


॥ श्री ॥
तंजावूर, ३० ऑक्टोबर १९९६

चि. चिदंबर यास आशीर्वाद.

तेराव्यानंतर तू गेलास, तेव्हापासून घरात मी एकटा. लावण्या डॉक्टर दर दोन दिवसांनी येऊन बसतात. फी घेत नाहीत.

तू इथे होतास तेव्हा रोज तिच्या उशाशी बसलास, ओठांना पाणी लावलेस. तुम्ही लहानपणीच्या गोष्टी बोललात. त्या पत्रांबद्दल दोघांपैकी कोणीही शब्द काढला नाही. मला बरे वाटले होते.

काल डॉक्टर आल्या, तेव्हा मी त्यांचे आभार मानले. म्हटले की डिसेंबरात तुम्ही ताराला पॉलिसीचे पान समजावून दिलेत, आमच्याच नशिबात नव्हते. त्या म्हणाल्या की अय्या, डिसेंबरात त्या आल्याच नव्हत्या. सप्टेंबरात क्रमांक तपासायला आल्या आणि मग थेट ऑगस्टमध्ये. मधे एकदाही नाही. त्यांनी वही आणून दाखवली.

तिचे ते शेवटचे पत्र माझ्याच हाताने लिहिले होते. तिने इतके सरळ सांगितले की मीही खरे मानले. महिनाभर मी मनात तिच्यावर रागावलो होतो, की माहीत असून का गेली नाहीस. ती तिच्या शेवटच्या दिवसांत माझा राग अंगावर घेऊन निजली, आणि दोषात तुझे नाव येऊ दिले नाही.

हे तुला कळवावे की नाही, रात्रंदिवस विचार केला. तिला आवडले नसते. पण तिच्यावरचा राग मला परत घ्यायचा आहे, आणि ते तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला सांगू?

तुझ्यावर राग नाही असे लिहायला बसलो होतो. तसे आज लिहिता येत नाही. पुढे कधी येईल. पोंगलला इकडे ये. वाणीला आणि पोरीला घेऊन ये. पोरीने आत्याचे घर पाहावे. मी स्टेशनवर येईन.

तुकोजी