अक्का, डब्याची घाई नाही

मंगळवार, ता. ११ नोव्हेंबर

आज सकाळी सहाला उठलो. दाढी केली. कार्यालयात गेलो. साडेपाचला परत आलो. भात लावला, खाल्ला, भांडी घासली. मग पत्र लिहायला बसलो.

ती. अक्कांना नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? साडूबुवांचा खोकला फक्त दुपारी येतो, की सकाळीही हजेरी लावतो? दोघांनी जपून राहावं. मी बरा आहे. तुमच्या बहिणीला जाऊन काल चार महिने झाले. तुम्ही तेव्हा कपाट आवरून दिलंत, त्याबद्दल आभार मानायचे राहिले होते, ते आता मानतो. निघताना तुम्ही तिचा बटणांचा डबा हातात घेऊन "हा नेऊ का?" असं विचारलंत आणि मी "न्या" म्हणालो. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पत्र वेगळ्याच कारणासाठी लिहितो आहे.

आमच्या शब्दकोशाच्या कार्यालयात काम कसं चालतं हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही (तुम्ही विचारलं होतं, सात वर्षांपूर्वी, मी "ठीक चालतं" म्हणालो होतो). इंग्रजी शब्दांचे अर्थ आपल्या भाषेत द्यायचे, एका शब्दाला एक चिठ्ठी. पण संपादकांचा नियम असा, की लाक्षणिक अर्थ लिहिण्याआधी शब्दशः अर्थ स्वतः करून पाहायचा आणि त्यातून दुसरा अर्थ आपोआप निघतो का ते नोंदवायचं. निघेपर्यंत चिठ्ठी पुढे सरकत नाही. 'कोल्ड शोल्डर'च्या (शब्दशः थंड खांदा, लाक्षणिक टाळणं) वेळी माझ्या शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ आठवडाभर खांद्यावर बर्फाची पिशवी बांधून बसले. लोक त्यांना टाळतील अशी अपेक्षा होती. उलट जो तो येऊन चौकशी करू लागला, गरम चहा आणून देऊ लागला. तो शब्द अजून अडकलेला आहे.

गेल्या महिन्यात माझ्या वाट्याला बटणं आली.

पहिला शब्द 'बटन्ड-अप'. शब्दशः, गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेला; लाक्षणिक, मनातलं बाहेर येऊ न देणारा. मी तीन दिवस वरचं बटण लावून गेलो आणि काय फरक पडतो ते टिपायला संपादक समोर बसले. चौथ्या दिवशी त्यांनी प्रयोग रद्द केला. म्हणाले, तुम्ही अकरा वर्षं असेच येता, यातून काय सिद्ध होणार? (हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.) मग त्यांनी उलटा शब्द दिला, 'अनबटन्ड', म्हणजे मोकळा, बोलका. वरची तीन बटणं सोडून बसायचं. बनियन दिसत होतं. दुःखाने माझं डोकं फिरलं असं समजून टंकलेखिकेने न बोलता आपली शाल आणून माझ्या गळ्याभोवती गुंडाळली. संपादकांनी ती काढली. तिने पुन्हा गुंडाळली. दुपारपर्यंत मी एकदाच बोललो, खिडकी लावा जरा. संपादकांनी वहीत लिहिलं: शब्द तीन, विषय हवामान.

'बटनहोल' त्याहून अवघड. नाम म्हणून ते साधं काज. क्रियापद म्हणून, एखाद्याला गाठून, निसटू न देता आपलं ऐकायला लावणं. त्यासाठी दुसऱ्याचं बटण धरणं आलं. संपादक त्या आठवड्यात बिनबटणांचा स्वेटर घालून येऊ लागले. म्हणून मी आमच्या घराच्याच जिन्यावर खालच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांची वाट पाहत उभा राहिलो. ते तुम्हाला आठवतील. तुमच्या हातात दोन जड पिशव्या असताना त्यांनी तुम्हाला पार्सल बांधण्याच्या चार पद्धती समजावल्या होत्या. सगळी इमारत त्यांना चुकवते. मी त्यांच्या कोटाचं मधलं बटण धरलं. ते खूश झाले आणि बोलू लागले. मी म्हणालो, आज मी बोलायचं आहे, कार्यालयाचं काम आहे. ते थांबले. मग मला काही सुचेना. पाच मिनिटं गेली. एक बाई भरलेली बादली घेऊन वर गेल्या, रिकामी घेऊन खाली आल्या, आम्ही तसेच.

"अहो, निदान हवामान तरी," पोस्टमास्तर म्हणाले.

"संध्याकाळी आलो की ती म्हणायची, काढा ते बटण, घरी आलात," मी म्हणालो. "आता कोणी सांगत नाही. झोपताना लक्षात येतं."

पोस्टमास्तरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मी त्यांना एकोणीस वर्षं ओळखतो, हे प्रथमच पाहिलं. मग ते हळूच म्हणाले, "बटण सोडा. माझा रुमाल आतल्या खिशात आहे."

मला सोडायचं सुचलं नाही. ते मागे सरले, बटण माझ्या हातात आलं, तिथून निसटून जिन्यावरून टणटण उड्या मारत खाली गेलं आणि गटाराच्या जाळीत पडलं. कोट मी दुरुस्तीला ठेवून घेतला आहे. चिठ्ठीवर लिहिलं: अर्थ निघतो, पाच मिनिटं लागतात. संपादक समाधानी आहेत.

तुमच्या बहिणीने हे सहज निभावलं असतं. जुना कपडा फडक्यात जाण्याआधी ती त्याची बटणं कापून दोऱ्यात ओवायची आणि चिठ्ठी बांधायची. 'यांचा राखाडी कोट, मुलाखतीचा.' 'अक्काचा निळा झगा, शाळेतला.' मी एकदा म्हणालो होतो, तुझा कोश माझ्या पुढे गेला. ती म्हणाली, माझं काही अडकून राहत नाही ना तुमच्यासारखं.

असो. गुडघ्याला शेक देत राहा. साडूबुवांना खिडकीपाशी बसू देऊ नका.

तुमच्या बहिणीचा नवरा

ता. क. डब्यातून चार छिद्रांचं, तपकिरी, अंगठ्याच्या नखाएवढं एक बटण पाठवता आलं तर पोस्टमास्तरांची सोय होईल.

ता. क. २. एवढ्या बटणांतून नेमकं शोधायचं म्हणजे तुमच्या डोळ्यांना त्रास. अख्खा डबाच मिळाला तर मी इथे निवांत शोधीन. घाई नाही. मी स्वतः येऊनही नेऊ शकतो. रविवारी, नऊच्या गाडीने.

ता. क. ३. बटण गटारात गेलेलं नाही. माझ्या खिशात आहे. डबा मला हवा आहे, अक्का. तेव्हा "न्या" म्हणायला नको होतं. निळ्या झग्याची तेवढी तुम्ही ठेवून घ्या.

पोस्टमास्तरांचा कोट मांडीवर घेतला आहे. मान खाली वाकेना, म्हणून आधी माझं वरचं बटण काढलं. दोरा सातव्या खेपेला सुईत गेला.